सगुणबाबचे तीन फ्यूज

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी टाइम ऑफिसात हजेरीपटावर नावे चढवत होते. लाल चिखलाने माखलेला एक माणूस आत आला आणि त्याने ओल्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी थेट माझ्या उघड्या हजेरीपटावर ठेवले. कोऱ्या पानावर तांबडा डाग पडला. मी फडके उचलून बघितले. आत पांढऱ्या चिनी मातीचे तीन फ्यूज होते, एकेक मुठीएवढा.

"हे काय?"

"पाच नंबर बेल्टाचे फ्यूज. ड्रॉवरात घाल. हे हय आसत तोवर मी भितर आसय."

"भितर म्हणजे कुठे?"

"मशीनीत. आणखी खय?" माझ्या प्रश्नाने तो माणूस जरा कंटाळल्यासारखा दिसला. "काम झाला की मी येतलंय. माझ्या हातात दी. दुसरो कोण मागूक इलो तर दी नको. माझो भाव इलो तरी नको."

"तुमचे भाऊ इथे कामाला आहेत?"

"ना. तरी नको."

हे सगुण परब. सुर्ल्याच्या खाणीवर आमच्या कंपनीचा खनिज धुण्याचा प्लांट होता, त्याचे फिटर. गाव पेडण्याकडले. तिथे बायको, दोन मुलगे आणि थोडी भातशेती. आठवडाभर सुर्ल्याला खोलीवर राहायचे, शनिवारी म्हापशावरून बस बदलून घरी जायचे. सगळे त्यांना सगुणबाब म्हणत. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, कारापूरहून बसने ये-जा करत होते. घरात मिळवणारी मी एकटीच होते, आणि टायपिंगची परीक्षा सोडली तर जगातले मला फारसे काही येत नव्हते.

दिसायला माणूस लक्षात राहण्यासारखा नव्हता. बुटका, काटकुळा, कान मोठे. लक्षात राहायचे ते त्यांचे कपडे. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर कात्रीने कापलेल्या. हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही, गळ्यात काही नाही. इतर कामगारांच्या मनगटांवर देवळातले दोरे असत. सगुणबाबांचा देवळातला दोरा, आईने दिलेला ताईत, एवढेच काय लग्नातली अंगठीसुद्धा कमरेच्या करगोट्याला बांधलेली असे. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "बाय, देवाक दोरो खय बांधलो तां कळता. मशीनीक फक्त दोरो कळता."

मशीनबद्दल ते बोलत ते असेच. प्रेमाने नाही आणि रागानेही नाही. गोठ्यातल्या मारक्या म्हशीबद्दल घरातली बाई बोलेल, तसे. "मशीनीक ओळख नसता" हे त्यांचे नेहमीचे वाक्य. एखादा माणूस बढाई मारू लागला, की आपण या क्रशरवर दहा वर्षे काढली, तर ते म्हणत, "तू काढलंस. क्रशराक इचार, तो तुका वळखता काय."

त्या काळी मशीनमध्ये उतरायचे झाले तर बटण दाबून मशीन थांबवत आणि उतरत. ऑपरेटरला हाक मारून सांगितले की झाले. बटण कोणीही परत दाबू शकतो, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी त्याचा विचार करत नव्हते. सगुणबाब मात्र पॅनेलमधले तिन्ही फ्यूज उपटून माझ्याकडे आणून देत. माझ्या आधी ते स्वतःच्या जेवणाच्या डब्यात ठेवत, पण एकदा कोणीतरी चटणीसाठी डबा उघडला, तेव्हापासून त्यांचा डब्यावरचा विश्वास उडाला. मग टाइम ऑफिसात मुलगी कामाला आली. "बायच्या ड्रॉवराक कोण हात लावचो ना," असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर होता. शंभर पुरुषांत मी एकटी. माझ्या टेबलाशी येतानासुद्धा लोक हात पुसून येत.

काम संपले की फ्यूज परत नेण्याआधी त्यांची आणखी एक पद्धत होती. मशीनची पूर्ण फेरी मारायची. बेल्ट असेल तर वरपासून खाली, जिथे तो शेवटच्या पुलीवरून वळतो, तिथपर्यंत चालत जायचे, वाकून आत तोंड घालायचे आणि हाक द्यायची, "कोण आसा रे भितर?" अशी तीनदा. दोन हाकांच्या मध्ये थांबायचे, कान देऊन. यात दहा मिनिटे जात, आणि प्लांट दहा मिनिटे थांबला की वरचे साहेब घड्याळ बघायला लागत.

लोक हसायचे. रोहिदास म्हणून ऑपरेटर होता, मूळचा दोडामार्गाकडचा, चांगला माणूस, पण थट्टेखोर. एक दिवस तो खालच्या पुलीमागे लपून बसला. सगुणबाबांनी हाक दिली, "कोण आसा रे भितर?" आणि आतून उत्तर आले, "मी आसय."

सगुणबाब सरळ वर आले, माझ्या ऑफिसच्या पायरीवर बसले आणि डबा उघडला. फ्यूज मागितले नाहीत. पाव तास गेला, अर्धा तास गेला. प्लांट मॅनेजर, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणत असू, ते तणतणत आले.

"सगुण, बेल्ट का बंद आहे?"

"भितर मनीस आसा, सायबानू. मी हाक मारली, तेणी ओ दिली. तो भायर येयसर मशीन चालूची ना."

"कोण आत आहे?"

"तां माका ठावक ना. नाव सांगूक ना तेणी."

शेवटी मोठे साहेब स्वतः खाली गेले. रोहिदास पुलीमागून चिखलात रांगत बाहेर आला तेव्हा साठ माणसे बघत होती. सगुणबाब पायरीवर बसूनच म्हणाले, "आता आणखी दोनदा हाक मारूक व्हयी," आणि उठून परत खाली गेले. त्या दिवसापासून आत लपून कोणी ओ दिली नाही. रोहिदास तर त्यांचा भक्तच झाला.

अशी दोन वर्षे गेली. फ्यूज यायचे, माझ्या ड्रॉवरात शिक्क्याच्या डबीशेजारी पडायचे, परत जायचे. सुरुवातीला मी डोळ्यांत तेल घालून सांभाळले. पुढे त्यांची सवय झाली. पेन आणि पंच तसे फ्यूज. आता मागे वळून बघताना मला वाटते की जे काही झाले ते त्या सवयीने झाले.

खंडेनवमीला आमच्याकडे काम नसे, पूजा असे. सकाळी प्लांट थांबवून धुवायचा, ट्रक आणि डोझर धुवायचे, रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, फुलांच्या माळा घालायच्या. प्रत्येकाने आपली हत्यारे पॅनेल रूमसमोर आणून मांडायची. पाने, हातोडे, ग्रीसची पिचकारी, सगळ्यांना हळदकुंकू. भटजी येणार, आरती होणार, आणि आरती झाली की बटण दाबून मशीन एकदा फिरवायची. एकच फेरा. त्याशिवाय पूजा पुरी झाली असे कोणाला वाटत नसे.

त्या वर्षी भटजी अकराला यायचे होते. नऊला सगुणबाब आले, फडके ठेवले. "पाच नंबर. खालच्या पुलीक चिखल बसलो आसा, खरवडून येतंय. मशीन न्हाऊन पूजेक बसूक व्हयी." मी ड्रॉवर उघडला, फ्यूज टाकले, बंद केला. त्यांची पान्यांची पिशवी रोहिदास आधीच पूजेला घेऊन गेला होता. सगुणबाब एक खुरपे तेवढे घेऊन खाली उतरले.

भटजी दहालाच आले. त्यांना त्या दिवशी आणखी तीन ठिकाणी पूजा होत्या. एकदम धावपळ झाली. मी माझ्या टेबलावरचे सामान पूजेला न्यायला म्हणून ड्रॉवर उघडला. पंच घेतला, शिक्का घेतला, कात्री घेतली. शेजारी फ्यूज होते. मला वाटले, हेही मशीनचेच. वर्षभर माझ्याकडे असतात आणि पूजेला मात्र अंधारात राहतात. मी ते माझ्या ओढणीने पुसले, ताटात नीट ओळीने मांडले, एकेकावर फूल ठेवले. मांडून झाल्यावर मला बरे वाटले, हे मी लपवत नाही. मी दोन पावले मागे जाऊन ते ताट बघितलेसुद्धा.

आरती सुरू झाली. शंख आमच्याकडे नव्हता, म्हणून दर वर्षी आरतीला प्लांटचा भोंगा वाजवत. एरवी हाच भोंगा मशीन सुरू होण्याआधी वाजायचा, सावध करायला. त्या दिवशी तो आरतीबरोबर वाजला, लांबलचक, फटाक्यांच्या माळेसकट. भटजी म्हणाले, "आता यंत्र फिरवा." रोहिदासने ताटातले फ्यूज उचलले, डोळ्यांना लावले आणि पॅनेलमध्ये बसवले. देवापुढे ठेवलेली वस्तू पूजेनंतर कामाला लावायची, तशी त्याने लावली. सगुणबाबांची पिशवी समोर हत्यारांत होती, तिला कुंकू लागले होते. सगळ्यांना वाटले माणूस गर्दीतच कुठेतरी आहे. मी प्रसादाचे द्रोण लावत होते. मी मान वर करून बघितले नाही.

बटण दाबले. बेल्ट चालला, चार-पाच सेकंद असेल. मग मोटर वेगळ्या आवाजात कण्हली आणि रोहिदासने मशीन थांबवली.

आम्ही खाली पळालो. सगुणबाब गुडघ्यांवर होते, उजवा हात कोपरापर्यंत बेल्ट आणि पुलीच्या मध्ये. चेहरा राखेसारखा. ओरडत नव्हते. कोणीतरी म्हणाले, बेल्ट उलटा फिरवा, हात सुटेल. सगुणबाब म्हणाले, "उलटो फिरवू नकात. बेल्ट कापा." मग परत, सावकाश, एखाद्याला काम समजावून सांगावे तसे, "वरसून कापा. पुलीक हात लावू नकात. आणि आदी फ्यूज काढा रे कोणतरी."

फ्यूज काढायला मी धावले. वर येऊन मी ते तिन्ही उपटले तेव्हा त्यांच्यावरचे कुंकू अजून ओले होते.

माळा घातलेल्या जीपमधून त्यांना डिचोलीला नेले, तिथून पुढे मोठ्या हॉस्पिटलात. हात कोपराखाली काढावा लागला.

अपघाताचे रजिस्टर टाइम ऑफिसात असे आणि ते मी भरत असे. तिसऱ्या दिवशी मोठे साहेब माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी तीन रात्री झोप काढली नव्हती हे दिसत होते.

"लिहा बाई. पूजा चालू असताना, कोणालाही न कळवता, फ्यूज न काढता, कामगाराने चालू होऊ शकणाऱ्या मशीनमध्ये हात घातला."

"फ्यूज काढले होते साहेब."

"ते तुम्हाला माहीत, रोहिदासला माहीत. निरीक्षक येतील ते कागद बघतील. यात तुमचं नाव येत नाही, रोहिदासचं येत नाही."

"आणि सगुणबाबांचं?"

"त्याचा हात गेलाच आहे. आता आणखी काय जायचंय त्याचं?"

काय जायचे होते ते त्यांना ठाऊक होते आणि मलाही. स्वतःच्या चुकीने हात गमावलेल्या फिटरला कंपनी परत कामावर घेत नाही. उलट खरे लिहिले तर माझी नोकरी जाणार होती, कदाचित रोहिदासचीही. मी साहेबांना म्हटले, उद्या लिहिते. आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून हॉस्पिटलात गेले.

सगुणबाब खाटेवर टेकून बसले होते. शेजारी त्यांची बायको, शेवंतावयनी, मोसंबे सोलत होती. मी नाव सांगितले. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"तूच गो ती ड्रॉवरवाली?"

मी हो म्हटले. तिने स्टूल माझ्याकडे सरकवले आणि स्वतः मोसंबे घेऊन खिडकीशी गेली, माझ्याकडे पाठ करून.

"रडतंस काय?" सगुणबाबांनी विचारले.

"नाही."

"बरा. रडणारी माणसां घराकडे आसत तितकी पुरे."

मी सगळे सांगितले. ताटात कसे ठेवले, का ठेवले, साहेब काय म्हणाले. माझ्याकडून चूक झाली, मला माफ करा, असेही म्हणायला सुरुवात केली. त्यांनी डावा हात वर केला.

"तू काय केलंस तां माका ठावक आसा. तां कागदार आसा काय?"

"नाही."

"मगे हय कित्याक इलंस?"

त्यांनी हाताच्या पट्टीकडे बघितले. मग म्हणाले, "आयक. उद्या माझ्या जागेर दुसरो फिटर येतलो. तो तो कागद वाचतलो. कागदार आसतला, सगुणान फ्यूज काढूक ना म्हणान हात गेलो. तो काय शिकतलो? फ्यूज काढले की झाला. मी फ्यूज काढलेले गो. तरी गेलो. तेका खरा कळाक नको, कशान गेलो तां?"

"माझी नोकरी जाईल."

"जायत," ते म्हणाले. 'जायत' म्हणजे जाईल. त्यात राग नव्हता आणि धीर देणेही नव्हते. "आणि भोंग्याचा पण लिही. भोंगो माका ऐकाक इलो. माका वाटला, आरती."

खिडकीशी शेवंतावयनीचा हात मोसंब्यावर थांबला. हे तिनेही पहिल्यांदाच ऐकले असावे.

मी परत आले आणि त्याच संध्याकाळी लिहिले. रजिस्टर इंग्रजीत ठेवत असू. मी मराठीत लिहिले, कारण इंग्रजीत लिहिताना आपले नाव गाळून वाक्य नीट बसवायची मला चांगली सवय झाली होती. 'फ्यूज सगुण परब यांनी काढून माझ्या ताब्यात दिले होते. ते मी त्यांना न विचारता पूजेच्या ताटात ठेवले. भोंगा आरतीसाठी वाजवला होता, त्यामुळे तो इशारा आहे हे त्यांना कळले नाही.' खाली सही केली. रोहिदासला बोलावून वाचून दाखवले. त्याने पेन मागितले आणि वेड्यावाकड्या अक्षरांत पुढे लिहिले, 'बटण मी दाबले.'

मोठ्या साहेबांनी पान वाचून रजिस्टर मिटले. मला महिनाभर घरी बसवले. रोहिदासलाही. आईने विचारले तेव्हा मी खरे सांगितले. तिने डोक्याला हात लावला आणि मग पेज वाढली. निरीक्षक आले, त्यांनी ते पान दोनदा वाचले म्हणतात, आणि हे लिहिणारी कुठे आहे असे विचारले. मला परत बोलावले ते त्या विचारण्यामुळे की टाइम ऑफिस माझ्यावाचून अडले म्हणून, ते मला आजही माहीत नाही. रोहिदास माझ्यामागोमाग आला. शिगमो झाल्यावर सगुणबाबही आले.

फिटरचे काम आता होणार नव्हते. त्यांना पॅनेल रूमवर बसवले. पहिल्याच शुक्रवारी ते म्हापशाच्या बाजारात गेले आणि सहा कुलपे घेऊन आले, लाल रंगाने रंगवून. पॅनेलवरच्या, वीज तोडायच्या दांड्याला भोक पाडून घेतले. जो आत उतरेल त्याने आपल्या हाताने आपले कुलूप लावायचे आणि चावी स्वतःच्या करगोट्याला बांधायची. ड्रॉवर नाही, डबा नाही, देव नाही.

"दुसरी चावी कुठे आहे?" मी विचारले. प्रत्येक कुलपाबरोबर दोन मिळतात.

"वाळवंटी नदीत सोडली. येताना, बशीतसून."

"आणि पहिली हरवली तर?"

"कुलूप कापया. कुलूप कापलेला चलता."

नवीन माणूस कामावर आला की ते त्याला समोर उभा करत आणि उजव्या हाताचे थोटूक वर करत. "हो माझो फळो. वाच." मग माझ्याकडे बोट दाखवून, मी समोर बसलेली असताना, सांगत, "ह्या बायन फ्यूज ताटात ठेवले. रोहिदासान बटण दाबला. सायबान आरतीक भोंगो वाजवूक दिलो. आणि मी आरती समजलंय. चौगां मिळान एक हात खाल्लो. मशीनीन खाऊक ना." दर वेळी माझे कान तापत. दर वेळी मी बसून ऐकले. मी उठून गेले असते तर त्यांनी पुढच्या वेळी मोठ्याने सांगितले असते, एवढे मी त्यांना ओळखत होते.

तुझी चूक नव्हती असे ते मला एकदाही म्हणाले नाहीत. बाकी पुष्कळांनी म्हटले. त्यांच्या म्हणण्याने मला कधी झोप आली नाही. सगुणबाबांनी चूक माझ्या नावावर ठेवली आणि वर सोमवारी गावाहून येताना माझ्यासाठी कोकमाची सोले आणि उकडे तांदूळ आणले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असे त्यांना वाटत नसावे.

खंडेनवमीची पूजा चालूच राहिली, पण मशीन कुलपात. पहिल्या वर्षी भटजी म्हणाले, एक फेरा तरी व्हायला हवा, देवाला बरे वाटते. सगुणबाब म्हणाले, "देवान फिरताना बघल्यान. आता तेका जरा थांबलेली बघू दी." भोंग्याऐवजी त्यांनी पेडण्याहून शंख आणला. डाव्या हाताने धरून स्वतः वाजवत. फार वाईट वाजवत.

पुढच्या सगळ्या वर्षांत आमच्या प्लांटवर कोणाचे बोट चेचले, कोणाच्या पायावर पाना पडला. पण मशीनमध्ये उतरलेल्या माणसावर मशीन सुरू झाली नाही.

मग खाणी बंद झाल्या. सगुणबाबांच्या नोकरीचे आठ महिने उरले होते. शेवटच्या दिवशी लोक आपापले सामान नेत होते, कोणी शिव्या देत होते, कोणी प्लांटबरोबर फोटो काढत होते. सगुणबाब सगळ्या बेल्टांची फेरी मारून आले. तीन हाका, प्रत्येक ठिकाणी. मग मुख्य पॅनेलच्या दांड्याला आपले कुलूप लावले आणि चावी करगोट्याला बांधली. एका हाताने गाठ मारायला त्यांना दात लावावे लागत. मी बांधून देऊ का, असे मी कधी विचारले नाही.

"आता कशाला कुलूप?" मी म्हटले. "वीजसुद्धा तोडणार आहेत."

"बंद पडली म्हणान मेली न्हय ती," ते म्हणाले. "परत चालू करूक कोणतरी येतलो. तेका घाई आसतली."

मी राखणीच्या चार माणसांत राहिले, कागदपत्रे सांभाळायला. ते गावी गेले. चार वर्षांपूर्वी गेले, ताप येऊन, तीन दिवसांत. मी गेले तोवर सगळे उरकले होते. बाराव्यानंतर एका सकाळी शेवंतावयनी दोन बस बदलून सुर्ल्याला आली. तिने पदराची गाठ सोडली आणि एक चावी माझ्या टेबलावर ठेवली. करगोटा तोडला तेव्हा ती त्यावर होती, अंगठी आणि ताईताशेजारी.

"ही घरातली न्हय," ती म्हणाली. "तुझीच आसतली."

"माझी नाही. पॅनेलची आहे."

"तांच म्हणतंय." पाणी पिऊन ती निघाली. दारात थांबून म्हणाली, "ड्रॉवरात घालू नको."

मी घातली नाही. माझ्या कमरेला करगोटा नाही, पण परकराची नाडी आहे. चार वर्षे चावी तिथे होती.

यंदा प्लांट परत सुरू करायचे ठरले. नवा इंजिनिअर आला, हुशार आणि नम्र मुलगा, बरोबर चार माणसे आणि लोखंड कापायचे यंत्र. पॅनेलवरचे गंजलेले लाल कुलूप बघून त्याने यंत्राची वायर जोडायला सांगितली.

"थांबा," मी म्हटले. "चावी आहे. आधी मला खाली जाऊन यायचंय."

"मॅडम, इतक्या वर्षांत आत कोण असणार?"

"कोणी नसेल. तरी."

पाच नंबर बेल्टाच्या कडेने मी उतरत गेले. माझे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत, वेळ लागला. वर ती माणसे घड्याळ बघत उभी होती. खालची पुली गवतात बुडाली होती. मी गवत बाजूला केले, वाकले आणि आत तोंड घालून हाक दिली, "कोण आसा रे भितर?" थांबले. परत दिली. परत थांबले. तिसरी हाक दिल्यावर जास्तच थांबले, सगुणबाब थांबत तितके.

आत कोणी नव्हते. मग मी वर आले आणि कुलूप काढले.